वाडा वारसा यादीत आला, आता पुढे काय?

वाचकांचे प्रश्न

जुने वाडे, चाळी, पेठा आणि गावठाणातल्या आळ्या राखण्यासाठी महापालिका-नगरपालिका काय करू शकतात आणि मालक-भाडेकरूंनी काय करायचे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे संवर्धन वास्तुविशारद आणि बांधकाम परवानगीचे काम जवळून जाणणारे अभियंते यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : सदाशिव पेठेतला आमचा दुमजली वाडा विकायला काढला, तेव्हा कळले की तो महापालिकेच्या वारसा यादीत 'श्रेणी ३' म्हणून नोंदलेला आहे. आता विक्री होणार नाही, भिंतीत खिळा ठोकायचा तरी परवानगी लागेल, असे दलाल सांगतो. खरे काय? – एक वाचक, पुणे

वाडा विकता येईल, गहाण ठेवता येईल, मुलांच्या नावे करता येईल. यादीत आल्याने मालकी कुठेही जात नाही. खरेदीदाराला मात्र ही नोंद आधीच सांगा आणि खरेदीखतात तिचा उल्लेख करा, म्हणजे नंतर फसवणुकीचा आरोप येणार नाही.

बदलतो तो परवानगीचा मार्ग. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, म्हणजे बोलण्यातला एमआरटीपी कायदा, यात वारसा वास्तू आणि वारसा परिसर यांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. एरवी घराच्या फक्त आतल्या भागात केलेल्या किंवा बाहेरच्या रूपाला धक्का न लावणाऱ्या कामाला कलम ४३ खाली परवानगीची गरज नसते. वारसा वास्तूला ही सूट नाही. 'आतलेच तर काम आहे' म्हणून जिना हलवला, मधली भिंत पाडली आणि नोटीस आली, अशी प्रकरणे याच गैरसमजातून होतात.

श्रेणींचा अर्थ थोडक्यात असा. श्रेणी १ मध्ये राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. तिथे मजबुतीसाठी अपरिहार्य असेल तेवढेच काम, आत आणि बाहेर दोन्हीकडे. श्रेणी २ मध्ये स्थानिक किंवा प्रादेशिक महत्त्वाच्या वास्तू, त्यांचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग. आतले बदल आणि नवा वापर सहसा मान्य होतो, बाहेरचे बदल बारकाईने तपासले जातात. श्रेणी ३ म्हणजे गावाच्या चेहऱ्यामोहऱ्यात भर घालणाऱ्या वास्तू. इथे आत-बाहेर बदल, वाढीव बांधकाम, त्याच जागेत जोड इमारत यांना बरीच मोकळीक असते. जुन्याशी जुळले पाहिजे ही अट. म्हणजे तुमच्या वाड्यावरचे बंधन तिन्हींत सर्वांत सैल आहे.

खिळ्याला परवानगी लागत नाही. पण मुंबईत २१ एप्रिल १९९५ रोजी देशातली पहिली शहरी वारसा नियमावली लागू झाली, तेव्हापासून दुरुस्ती, गिलावा आणि रंगकामसुद्धा पूर्वपरवानगीच्या कक्षेत आहेत, आणि इतर शहरांचे नियमही त्याच धर्तीवर बेतलेले आहेत. त्यामुळे फुटकी कौले बदलण्यासारखे किरकोळ काम असले तरी चार फोटोंसह एक पत्र हेरिटेज सेलला, म्हणजे महापालिकेच्या वारसा कक्षाला, द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. हा कागद पुढे अनेकदा कामी येतो.

आणखी एक गोष्ट लगेच तपासा. यादीतला सिटी सर्व्हे नंबर आणि तुमच्या मिळकत पत्रिकेवरचा नंबर एकच आहे ना? जुन्या याद्या करताना पोटहिस्से झालेल्या मिळकतींच्या नोंदीत गोंधळ राहिलेले असतात. कधी शेजारचा वाडा यादीत असतो आणि नंबर तुमचा पडलेला असतो. अशी चूक असेल तर मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि फोटो लावून दुरुस्तीचा अर्ज करा. नोंद बरोबर असून श्रेणी मान्य नसेल, तर मात्र प्रस्ताव वारसा समितीकडून शासनापर्यंत जातो. 'आम्हाला बिल्डरला द्यायचे आहे' हे कारण तिथे टिकत नाही.

प्रश्न : जुन्या नाशकातल्या आमच्या घराचे छप्पर काढून नवे करायचे आहे. दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा त्रुटी काढून फाइल परत आली. नेमके काय जोडायचे? – एक वाचक, नाशिक

मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्याखाली काम तीन टप्प्यांत चालते. अर्ज बांधकाम परवानगी विभागात जातो, तो वारसा समितीपुढे ठेवला जातो, आणि समितीच्या शिफारशीवरून आयुक्त अटींसह परवानगी देतात किंवा नाकारतात. समिती सल्ला देते, परवानगीवर सही प्रशासनाची असते. समितीत संरचना अभियंता, वास्तुविशारद, इतिहासाचा जाणकार अशी मंडळी असतात, त्यामुळे नेहमीच्या घराचा नकाशा जोडून भागत नाही.

फाइलमध्ये पुढील गोष्टी हव्यात. मालकीचा पुरावा आणि सर्व सहमालकांची संमती. आहे त्या घराचा प्रत्यक्ष मोजून काढलेला नकाशा: मजलेवार आराखडे, दर्शनी बाजू आणि निदान दोन छेद, १:१०० प्रमाणात. ज्या भागाला हात लावणार, त्याचे तपशील १:२० प्रमाणात; छपराच्या कामात कैची, वासे, पन्हळ आणि भिंतीवर टेकणारी पाटणी दिसली पाहिजे. फोटो क्रमांक घालून द्या आणि ते कुठे उभे राहून काढले हे नकाशावर बाणाने दाखवा. मग एक तक्ता: कोणता भाग, आज काय अवस्था, काय करणार, कोणत्या साहित्याने. 'छप्पर दुरुस्ती' एवढे दोन शब्द लिहिले की त्रुटी निघणारच. 'पश्चिमेकडचे ११ वासे बुंध्याशी कुजले, ते सागाचे त्याच मापाचे बदलणार, उरलेले काढून साफ करून पुन्हा बसवणार, मंगलोरी कौले निम्मी जुनी निम्मी नवी' असे लिहिले की समितीपुढे प्रश्नच उरत नाही.

फाइल अडकण्याचे सर्वांत मोठे कारण शब्दांत असते. अर्जात 'दुरुस्ती' आणि नकाशात काँक्रीटचा स्लॅब. किंवा अर्ज दुरुस्तीचा आणि छपराची उंची तीन फुटांनी वाढलेली. हे पुनर्बांधणीत मोडते आणि त्याचे शुल्क, छाननी, अटी सगळे वेगळे. कौलांच्या जागी पत्रा मागणारे प्रस्तावही बहुतेक वेळा परत येतात, आणि ते योग्यच आहे. पत्र्याखाली हवा खेळत नाही, पावसाळा-हिवाळ्यात आतून पाणी सुटते आणि ते थेट लाकडावर उतरते.

निर्णय साठ दिवसांत कळवला नाही तर परवानगी मिळाल्यासारखीच, असे एमआरटीपी कायद्याच्या कलम ४५ च्या आधारे काही जण सांगतात. ती मानीव परवानगी नियमावलीत बसणाऱ्या प्रस्तावालाच असते, आणि वारसा समितीचा सल्ला हा त्याच नियमावलीचा भाग आहे. त्या भरवशावर काम सुरू करू नका. परवानगी नाकारली किंवा जाचक अट घातली, तर निर्णय कळल्यापासून चाळीस दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते. हे दिवस निसटू देऊ नका.

प्रश्न : कसब्यातल्या वाड्यात आम्ही सहा भाडेकरू बिऱ्हाडे आहोत. मालकाने स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतले, त्यात वाडा 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक ठरला. वाडा वारसा यादीत आहे. आमच्या मते दोन खांब आणि मागची भिंत सोडली तर सगळे धड आहे. पावसाळ्याआधी पाडतील का? – भाडेकरू, कसबा पेठ

आधी जिवाचे. मागची भिंत फुगलेली असेल तर तिच्या आधाराच्या खोल्यांत आजपासून कोणी झोपू नये आणि टेकू लावून घ्यावेत. वारसा यादीतले नाव वास्तूला पडण्यापासून वाचवत नाही.

आता कागदाचे. धोकादायक इमारतीची नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते. इमारतींचे चार वर्ग केले जातात: सी-१ म्हणजे रिकामी करून तातडीने पाडण्याजोगी, सी-२अ म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती, सी-२ब म्हणजे न हलवता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुम्ही सांगता ती अवस्था खरी असेल तर हा वाडा सी-२अ मध्ये बसण्याची शक्यता बरीच आहे. फरक एका अक्षराचा, पण एकाने वाडा जातो आणि दुसऱ्याने राहतो.

ऑडिटची प्रत लेखी मागा आणि त्यात कोणत्या चाचण्या केल्या ते पान आधी उघडा. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, हाफ-सेल पोटेन्शियल ही नावे दिसली तर तो अहवाल या वाड्याचा नाहीच म्हणा ना! या चाचण्या काँक्रीटच्या. हाफ-सेल चाचणी काँक्रीटमधली सळई गंजली का ते सांगते. पेशवाई धाटणीच्या वाड्यात सळईच नसते. तिथे भार सागवानी खांब आणि तुळया घेतात, भिंती विटा, चुना आणि पांढऱ्या मातीच्या असतात. अशा भिंतीवर हातोडी उडवून 'शक्ती कमी' असा आकडा काढणे सोपे आहे. तो आकडा नेहमीच कमी येतो.

लाकडी चौकटीच्या वाड्याचा अहवाल कसा असावा? प्रत्येक खांबाला क्रमांक. खांबाचा बुंधा, म्हणजे तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) टेकतो तिथले पहिले वीतभर लाकूड, टोच्याने टोचून पाहिलेले. टोच्या सहज आत गेला तर किती आत, ते मिलिमीटरमध्ये. तुळयांची भिंतीत शिरलेली टोके उघडून पाहिलेली, कारण कूज तिथे आधी लागते आणि बाहेरून दिसत नाही. लाकडी मोगरीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो त्याच्या खुणा. वाळवीच्या वाटा. भिंतीला ओळंबा लावून फुगवटा किती. दीड फुटी भिंत तीन इंचांहून जास्त कलली असेल तर गंभीर समजायचे. भेगांवर तारीख घालून काचेच्या किंवा प्लास्टरच्या पट्ट्या चिकटवायच्या. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे, नाही तडकली तर ती जुनी आणि थांबलेली आहे.

कडीपाटावरच्या, म्हणजे मजल्याच्या लाकडी तक्तपोशीवरच्या, मातीकडेही बघायला सांगा. वरच्या मजल्याच्या जमिनीत सहा इंच मातीचा थर असला आणि न्हाणीघराच्या गळतीने तो भिजला, तर दर चौरस मीटरला पावणेतीनशे किलोच्या आसपास वजन एकट्या मातीचे होते. वरून फरशा आणि काँक्रीटचा कोबा घातला असेल तर आणखी. अनेक वाडे वयाने खचत नाहीत, मागाहून बांधलेल्या संडास-बाथरूमच्या पाण्याने आणि वजनाने खचतात. ही माती काढून हलकी भर घातली, गळती बंद केली की निम्मा धोका त्याच आठवड्यात उतरतो.

आता कृती. महापालिकेच्या पॅनेलवरच्या, पण लाकूड आणि दगडी-विटेच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून सर्वांनी मिळून दुसरे ऑडिट करून घ्या. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, दोन अहवालांतली तफावत दाखवा, तटस्थ तांत्रिक समितीकडून किंवा शासकीय अभियांत्रिकी संस्थेकडून पडताळणी मागा. त्याच पत्राची प्रत हेरिटेज सेलला. धोकादायक इमारतींचे काम एका खात्यात आणि वारसा यादी दुसऱ्या खात्यात असते. एकाची नोटीस दुसऱ्याला कळलेलीच नसते, असे सर्रास घडते. आणि शेवटी रिकामे करावे लागलेच, तर प्रत्येक बिऱ्हाडाच्या ताब्यातल्या जागेची मोजणी, भाडेपावत्या, वीजबिल आणि जागेचे फोटो यांची नोंद महापालिकेकडून लेखी घेतल्याखेरीज किल्ली देऊ नका.

मालकाच्या बाजूनेही एक सांगायला हवे. दुरुस्तीची जबाबदारी नियमाने मालकाची आहे. महापालिका फक्त स्वतःच्या मालकीच्या वास्तू दुरुस्त करायला बांधील आहे. पण भाडे वर्षानुवर्षे गोठलेले असताना सागाची एक तुळई कोणत्या पैशातून बदलायची? भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार नोटीस देऊन भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून खर्च वळता करता येतो, मात्र वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. महिना शंभर रुपये भाड्यात ही रक्कम तीनशे रुपये होते. म्हणून मालक आणि भाडेकरू यांनी खर्चाची लेखी वाटणी करून एकत्र अर्ज केला, तरच असे वाडे उभे राहतात.

प्रश्न : शनिवारवाड्यापासून आमचे घर सत्तर मीटरवर आहे. महापालिका म्हणते आमच्या हातात काही नाही. घर गळते आहे, काय करायचे? – एक वाचक, पुणे

शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे तिथे १९५८ चा केंद्रीय कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती लागू होते. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. अंतर हद्दीपासून मोजतात, वाड्याच्या बुरुजापासून नाही. दहा-वीस मीटरचा फरक इथे निर्णायक ठरतो, म्हणून मोजणी अधिकृत करून घ्या.

प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम आणि पुनर्बांधणी होत नाही. दुरुस्ती आणि नूतनीकरण मात्र होते, घर १६ जून १९९२ पूर्वीचे असेल किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेले असेल तर. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा, तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो आणि ना हरकत आल्यावर महापालिकेची परवानगी. घर १९९२ पूर्वीचे आहे हे दाखवायला जुनी कर पावती, वीजबिल, सिटी सर्व्हेचा उतारा चालतो. गळक्या छपरासाठी हा रस्ता मोकळा आहे, मजला चढवण्यासाठी नाही. विनापरवानगी बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

या क्षेत्रातल्या रहिवाशांची कोंडी खरी आहे. शंभर मीटरचा एकच फूटपट्टीचा नियम दाट पेठेला आणि माळावरच्या लेण्याला सारखाच लावला जातो. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि हरकती-सूचनांच्या टप्प्यावर रहिवाशांनी लेखी म्हणणे मांडणे हाच त्यावरचा उपाय आहे.

प्रश्न : वाईतल्या आमच्या जुन्या घराच्या भिंतींना खालून तीन फुटांपर्यंत ओल चढते. वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा दोनदा केला, दोन्ही वेळा फुगून पडला. परवानगीच्या पत्रात 'चुन्याचाच गिलावा' अशी अट आहे. ती इतकी महत्त्वाची का? आणि चुना करायचा कसा? – एक वाचक, वाई

तुमचा दोनदा पडलेला गिलावाच या अटीचे कारण सांगतो. जुन्या भिंतीत ओल येतेच, आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती वाफ होऊन निघून जाते. सिमेंट तिला बाहेर जाऊ देत नाही. मग पाणी वर चढते: आज तीन फूट, उद्या पाच, आणि परवा तुळईच्या टोकाला. पाण्याबरोबर आलेले क्षार सिमेंटच्या मागे साठतात, विटेचा दर्शनी थर पीठ होऊन सुटतो आणि सिमेंट पडताना विटेचे पापुद्रे घेऊन पडते.

गिलाव्याआधी ओलीचे मूळ काढा. बाहेरचा रस्ता किंवा फरसबंदी वर्षानुवर्षे थर चढून जोत्याच्या वर आली आहे का? जुन्या गावांत हे बहुतेक ठिकाणी झाले आहे, आणि त्याला नगरपालिकाच जबाबदार असते. डांबरीकरण करताना जुना थर खरवडून काढण्याची मागणी आळीतल्या सर्वांनी सहीनिशी करावी. आपल्या हद्दीत भिंतीलगतची माती जोत्याच्या माथ्याखाली निदान सहा-आठ इंच उतरवा, उतार बाहेर द्या, पन्हळीचे पाणी भिंतीपासून दूर सोडा, गळके नळ बदला.

मग सिमेंट काढा, ओलीच्या रेषेच्या वर दीड फुटापर्यंत. छिन्नी हलक्या हाताने. सांधे पाऊण ते एक इंच खोल खरवडा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतले तर ते पुन्हा आत जातात. त्यानंतर थांबा. भिंत साधारण महिन्याला एक इंच या गतीने सुकते, म्हणजे दीड फुटी भिंतीला, दोन्ही बाजू उघड्या असल्या तरी, नऊ-दहा महिने लागतील. एवढे थांबणे जमले नाही तरी दसऱ्यानंतरचा सगळा कोरडा काळ भिंतीला द्या. हाच टप्पा सगळे वगळतात आणि मग चुन्याला नावे ठेवतात.

कळीचा चुना विरवताना पाणी उकळते आणि चुना उडतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि मुले लांब. चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. चाळून घेतलेली लगदी पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्या. पोत्यातली तयार पूड वापरली तरी ती रात्रभर भिजवून घ्या. प्रमाण घमेल्याने मोजा: कोरड्या भागात एक चुना, अडीच ते तीन वाळू, खालच्या ओलसर भागात एक चुना, एक सुरखी, दोन वाळू. सुरखी म्हणजे नीट भाजलेल्या विटेची पूड. अर्धकच्च्या विटेची नको, ती फक्त माती असते. वाळू खारी नसावी. 'थोडे सिमेंट टाकले की लवकर सेट होते' हा गवंड्याचा सल्ला ऐकू नका. थोड्या सिमेंटनेही चुन्याचे श्वास घेणे कमी होते आणि मिश्रणात मीठ येते ते वेगळेच.

भिंत ओलसर करून पहिला हात अर्ध्या इंचाचा. तो बोटाने दाबला तर खूण उमटणार नाही, पण नख उमटेल, इतका घट्ट झाला की दुसरा हात थोडा पातळ, शेवटी निरूचा, म्हणजे बारीक चाळलेल्या चुन्याचा, दोन-तीन मिलिमीटरचा हात. प्रत्येक थराला गोणपाट ओले ठेवून आठ-दहा दिवस. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला दमटपणा लागतो. भर उन्हात सुकवला तर भुगा होतो. दसरा ते होळी हा काळ उत्तम. वर प्लास्टिक पेंट लावू नका, सगळी मेहनत वाया जाईल. चुन्याची पातळ सफेदी तीन-चार हात द्या.

प्रश्न : श्रेणीमुळे आमचा एफएसआय (भूखंडावर अनुज्ञेय बांधकाम) वापरता येत नाही. त्याबदली टीडीआर (तो बांधकाम हक्क दुसऱ्या जागी वापरण्याचा किंवा विकण्याचा अधिकार) मिळतो म्हणतात. – एक वाचक, पुणे

मिळू शकतो, पण थेट मागून नाही. विकासाचा अर्ज वारसा कारणाने नाकारला गेला, किंवा घातलेल्या अटींमुळे मंजूर होणारे क्षेत्र कमी झाले, तेव्हा हक्क बुडाला असे ठरते आणि त्या बुडालेल्या क्षेत्राचे विकास हक्क प्रमाणपत्र देता येते. म्हणून आधी रीतसर प्रस्ताव आणि त्यावरचा लेखी निर्णय हवा. तो नसल्यामुळे असे बरेच अर्ज परत जातात. समजा भूखंडावर ६०० चौरस मीटर अनुज्ञेय आहे, वाडा ४५० चा आहे आणि वाढीव बांधकाम नाकारले, तर प्रश्न १५० चौरस मीटरचा आहे. सगळ्या ६०० चा नाही.

टीडीआर दुसरीकडे वापरताना दोन्ही जागांच्या रेडी रेकनर दरांचे (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरांचे) गुणोत्तर लागते. तुमच्या जागेचा दर ४०,००० आणि वापरणाऱ्या जागेचा ६०,००० असेल तर १५० चे १०० होतात. विकण्याआधी हा हिशेब करा. वाडा पाडल्यावर मात्र हा हक्क मागायला जागाच उरत नाही.

दुसरी, अनेकदा जास्त उपयोगी सवलत वापराची आहे. निवासी विभागातल्या यादीतल्या वास्तूत, मालकाने ती नीट राखण्याची हमी दिली तर, कार्यालय, दुकान किंवा छोटे हॉटेल अशा वापराची परवानगी मिळू शकते. देखभाल थांबली तर ती काढून घेतली जाते. नियमित उत्पन्न देणारा वाडा टिकतो, म्हणून आम्ही टीडीआरआधी हा पर्याय तपासायला सांगतो.

प्रश्न : मरीन ड्राइव्हजवळची आमची इमारत जागतिक वारसा क्षेत्रात आहे. खिडक्या बदलायला युनेस्कोची परवानगी लागते का? – एक वाचक, मुंबई

नाही. मुंबईचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आला, त्यात ९४ इमारती आहेत. पण परवानगी मुंबई महापालिकाच देते, तिच्या वारसा समितीच्या सल्ल्याने. आर्ट डेको इमारतीत खिडकीच्या आडव्या पट्ट्या, गोलाकार बाल्कन्या आणि त्यांचे कठडे हाच चेहरा असतो. प्रत्येक फ्लॅटने वेगळी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली की तो जातो. सोसायटीने एकच नमुना ठरवून, तोच नकाशा एकदा मंजूर करून घ्यावा. मग सभासदांनी ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्या नमुन्याने बदल करावेत.

प्रश्न : आमची चाळ यादीत नाही, पण गिरगावातल्या वारसा परिसरात येते. साध्या चाळीला बंधन कशासाठी? – एक वाचक, मुंबई

परिसर राखायचा म्हणजे घरांमधली गल्ली, उंची, ओसऱ्या, छपरांची रांग हे सगळे राखायचे. खोताच्या वाडीत एखादे घर कितीही सुंदर दुरुस्त केले आणि शेजारी पंधरा मजले उभे राहिले, तर त्या घराला ऊनही मिळत नाही. म्हणून परिसरातल्या साध्या इमारतीलाही उंची, दर्शनी भाग, पाट्या आणि जाहिरातींचे नियम लागतात.

याच परिसरांना सर्वांत मोठा धोका मात्र पालिकेच्याच नकाशातून येतो: विकास आराखड्यातली रस्तारुंदीची रेषा. वारसा परिसरातून अशी रेषा नेताना तिचा फेरविचार करावा, असे नियमांत आहे. पण आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतीच्या मुदतीत कोणी बोलले नाही तर रेषा तशीच मंजूर होते, आणि मग पुढे प्रत्येक पुनर्विकासात घरे एकेक करून मागे सरकतात. आराखड्याची ती शीट पाहा, तुमच्या गल्लीवरची रेषा शोधा, हरकत द्या.

प्रश्न : शेजारचा यादीतला वाडा शनिवार-रविवारी थोडा थोडा पाडतात. सोमवारी अधिकारी आले की 'दुरुस्ती चालू आहे' म्हणतात. तक्रार कुठे करायची? – एक वाचक, पुणे

तक्रार क्षेत्रीय कार्यालयाच्या बांधकाम निरीक्षकाकडे आणि त्याच वेळी हेरिटेज सेलकडे, दोन्हीकडे लेखी. मजकुरात सिटी सर्व्हे नंबर, यादीतला अनुक्रमांक आणि श्रेणी, काय पाडले (उदा. 'चौकाच्या उत्तरेचे चार खांब आणि त्यावरचा मजला'), कोणत्या तारखेला. तारीख-वेळ दिसणारे फोटो सार्वजनिक रस्त्यावरून किंवा स्वतःच्या घरातून काढा. वाड्यात शिरू नका. 'वारसा नष्ट होत आहे' अशी भावनिक तक्रार बाजूला पडते, 'परवानगीशिवाय विकास, एमआरटीपी कायद्याच्या कलम ५४ खाली काम थांबवावे' अशी तक्रार नोंदवावी लागते.

कलम ५४ ची काम थांबवण्याची नोटीस आधी मागा. कलम ५३ ची पूर्ववत करण्याची नोटीस नंतर येते आणि तोवर पूर्ववत करायला काही उरलेले नसते. कलम ५२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड आहे. पेठेतल्या जागेच्या भावापुढे हा दंड नगण्य आहे, म्हणून काम वेळीच थांबणे महत्त्वाचे. 'दुरुस्तीची परवानगी आहे' असे सांगितले तर माहितीच्या अधिकारात त्या परवानगीची आणि मंजूर नकाशाची प्रत मागा. कोणते खांब ठेवायचे ते नकाशात लिहिलेले असते, आणि समोर पडलेल्या खांबांशी ते ताडून पाहता येते.

शुक्रवारी दुपारीच तक्रार दिलीत, तर निरीक्षकाला शनिवारी सकाळी जागेवर जाण्याचे कारण हातात असते.